पहिल्या तोड्याची वांगी

बोरगाव कसबा
आश्विन शुद्ध दशमी, सन १९२७

चिरंजीव सूर्यभान यास,

आशीर्वाद मागाहून देईन. आधी पत्र उलटसुलट करून पाहणं थांबव. हे मीच लिहिलंय, तुझी थोरली बहीण गोदा. कोणाच्या हातापाया पडून लिहून घेतलेलं नाही. जज्जसाहेबांच्या ओसरीवर दुपारी त्यांच्या कौशल्याबाई गावातल्या बायकांना शिकवतात, तिथे मीही जाऊन बसले. केस पिकायला लागल्यावर धुळाक्षरं गिरवली. बाईंनी पुस्तकातल्यासारखं लिहायला शिकवलं, म्हणून तोंडाने वऱ्हाडी आणि हाताने शहाणी, अशी माझी गत झाली आहे. हसायचं तर हस. घर सोडल्यापासून हसला असशील असं वाटत नाही.

जज्जसाहेबांचं नाव वाचून तू पत्र फाडशील, म्हणून फाडण्याआधी पाकिटातलं आपट्याचं पान काढून घे. आज दसरा. आईने तुझ्या वाटणीचं सोनं बाजूला ठेवलं होतं, आणि तू धारणीच्या लाकडाच्या वखारीवर आहेस असं अचलपूरच्या गाडीवानाने नेमकं कालच सांगितलं. ‘दाढी वाढवली, कोनाशी बोलत नाई,’ म्हणाला. मी म्हटलं, तोच तो. आमचाच.

आता बातमी. तू जज्जसाहेबांविरुद्ध केलेल्या अर्जाची चौकशी लागली आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, अमरावतीला, मोठ्या जज्जांपुढे. तुझं बोलावणं घरी येऊन पडलंय. खरं सांगू? येऊ नकोस. अर्ज करणाराच आला नाही तर प्रकरण मिटेल, असं लोक म्हणतात. मिटू दे बाबा.

मला तुझा राग आहे, तो सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. विहिरीसाठी तू धाकट्या भावावर, चंद्रभानवर, दावा केलास त्याचा राग नाही. बाबा गेल्यावर मळ्याची वाटणी झाली, विहीर धाकट्याच्या हिश्श्यात गेली आणि तो तुला मोटेची पाळी देईना. तिथे तू खोटा नव्हतास. पण भरल्या कचेरीत तू काय ओरडलास? ‘साहेब, तुमी चंद्रभानचे वांगे खाल्ले, आता तुमी काय न्याय करता!’

तू ओरडण्यात गुंग होतास, म्हणून तुला काही दिसलं नाही. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मला सगळं दिसलं. बाजारात पट्टेवाला बोलून गेला होता की आई टोपली घेऊन साहेबांच्या परसदारी गेली. आई धाकट्याकडे राहते, म्हणजे वांगी धाकट्याची, म्हणजे लाच. एवढा हिशोब तू केलास. जज्ज शेषरावसाहेब तुझ्यावर चिडले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला, म्हणाले, ‘मला माहीत नाही. विचारून येतो.’ आणि काम थांबवून, कोट तसाच अंगात, उन्हातून पायी निघाले. जज्ज स्वतः विचारायला घरी जातो, हे कोणी कधी पाहिलं होतं? वकील एकमेकांकडे बघत बसले.

परत आले तेव्हा घामाने चिंब झाले होते. बसले नाहीत. उभ्यानेच तुझ्याकडे पाहून म्हणाले, ‘वांगी माझ्या घरी आली होती. मी ती खाल्ली. फार चांगली होती.’ मग म्हणाले की आता हा दावा मी चालवू शकत नाही, दुसऱ्या कोर्टात जाईल. लोक म्हणाले, काय निर्ढावलेला माणूस, वर चव सांगतो! मला मात्र अंगावर काटा आला. खोटं बोलले असते तर कोण विचारणार होतं त्यांना?

आणि जो माणूस त्यांच्याबद्दल असा ओरडला तो तू, याचं मला जास्त वाईट वाटतं. पटकीच्या साथीचं साल विसरलास का? सरकारने विहिरींत लाल औषध टाकलं आणि सगळा गाव म्हणाला, हे जहर आहे, माणसं कमी करायला टाकून राहिले. कोणी त्या पाण्याला शिवेना. लोक नाल्यातलं पाणी पीत होते आणि मरत होते. तेव्हा शेषरावसाहेब कचेरी बंद करून निघाले. प्रत्येक विहिरीवर जायचं, पोहरा ओढायचा, सगळ्यांसमोर ओंजळभर लाल पाणी प्यायचं आणि तिथेच पायरीवर बसून राहायचं, जहर असेल तर इथंच मरेन म्हणून. माळीपुऱ्यातल्या विहिरीवर प्यायले. मशिदीपाशी प्यायले. महारवाड्याच्या विहिरीवर गेले तेव्हा त्यांच्या जातीची माणसं आडवी आली, की साहेब, इथलं पाणी प्यालात तर उद्यापासून आमच्या पंगतीत पान नाही. साहेबांनी विचारलं, ‘पटकी विचारून येते का?’ आणि प्यायले. त्या दिवसापासून आजवर त्यांना कोणाच्या पंगतीत पान नाही. त्यांच्या दारात उभं राहिलं की मला अजून देवळात आल्यासारखं होतं, आणि मी काही फार देवभोळी नाही, तुला माहीत आहे.

तूच बाबांना खांद्यावर घेऊन त्या विहिरीवर आला होतास. बाबा ते पाणी पिऊन उठले. विसरलास?

राहू दे. पान जपून ठेव आणि अमरावतीला येऊ नकोस.

तुझी,
गोदा


बोरगाव कसबा
कार्तिक शुद्ध द्वितीया, सन १९२७

सूर्यभान,

आज भाऊबीज. चंद्रभानला ओवाळलं. तुझ्या नावाने पाटावर सुपारी ठेवली आणि तिलाही ओवाळलं. आता ओवाळणी घाल. काय घालायची ते सांगते. मागच्या पत्रात येऊ नकोस लिहिलं होतं, ते खोडून टाक. ये. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या कचेरीत उभा राहा. परतवाड्याहून मोटार मिळते. नाही मिळाली तर चालत ये.

असं का, ते ऐक, आणि बसून ऐक.

पहिलं म्हणजे, तू आला नाहीस तरी चौकशी थांबणार नाही. मोठे जज्ज अर्ज फाईलबंद करायला तयार होते. शेषरावसाहेबांनीच लिहून पाठवलं की चौकशी व्हावी. त्यांचं उत्तर आमच्या बाईंनी पाहिलंय. ‘वांगी घरात आली आणि मी खाल्ली. कोणी पाठवली, हे विचारू नये.’ बस, एवढंच. बाई म्हणतात, यावर नोकरी जाईल, पेन्शन जाईल आणि नावाला काळोखी लागेल ती वेगळीच. बाई हे सांगताना रडल्या नाहीत. बाराखडी तपासत होत्या. मीच रडले.

घरी येऊन आईला हे सांगितलं. आई लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

‘नौकरी जाईन? त्या वांग्यापायी?’

‘व्हय.’

‘पन ते वांगे तं सूर्यभानचे होते.’

सूर्यभान, मी पुन्हा लिहिते म्हणजे वाचताना तुझ्या डोळ्यातून सुटायला नको. ती वांगी तुझी होती. तुझ्या वाफ्यातली.

आपल्याकडे पहिल्या तोड्याची पहिली टोपली महादेवाला जाते आणि दुसरी गावातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला. बाबा पूर्वी ती पाटलाकडे पाठवत. साथीनंतर त्यांनी ती शेषरावसाहेबांकडे पाठवायला सुरुवात केली. साहेब दरवर्षी ती फाटकावरूनच परत पाठवत. साहेबलोकांना दिवाळीला भेट म्हणून फळामिठाईची डाली देतात, त्यांच्याकडे तीसुद्धा आत जात नाही. पण बाबांचा नेम काही सुटला नाही. टोपली नेणं हे बाबांचं काम, परत येणं हे टोपलीचं काम. मळा एकत्र होता तेव्हा कोणाच्या वाफ्यातली, हा प्रश्न नव्हता. मागच्या साली वाटणीनंतरचा पहिलाच हंगाम. आईने विचार केला, बाप गेला, आता घरात थोरला कोण? सूर्यभान. मग पहिला तोडा त्याच्याच वाफ्यातला. तू तिला ‘माह्या वाफ्यात पाय ठेवू नको’ म्हणून बजावलं होतंस. तू अमरावतीच्या बाजाराला गेल्यावर ती गेली. आणि फाटकावर पट्टेवाला अडवतो हे माहीत होतं, म्हणून परसदारी गेली. बाईंना म्हणाली, देवाचा तोडा आहे. बाईंना वाटलं देवळातून प्रसाद आला. प्रसाद कोण परत करतं?

मी आईला म्हटलं, ‘अवं माय, मंग साल झालं तरी बोलली काहून नाई तू? लेक घर सोडून गेला, साहेब बदनाम झाला!’

आई म्हणाली, ‘मले साहेबानंच सांगतलं, बोलू नका म्हून.’

त्या दिवशी, तू ओरडल्यावर, साहेब नुसते घरी नाही गेले. घरून ते आईकडे आले होते. आपल्या दारात उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. विचारलं, ‘बाई, वांगी कोणत्या वाफ्यातली?’ आई म्हणाली, ‘थोरल्याच्या. पहिला तोडा थोरल्याचाच ना जी.’ साहेबांनी आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाले, ‘बाई, हे आता कोणाला सांगू नका. भरल्या कचेरीत तो बोलून बसला आहे. वांगी त्याचीच निघाली तर लोक त्याला जगू देणार नाहीत, आणि कोर्टही सोडणार नाही.’ आईने महादेवाची शपथ घेतली.

म्हणजे कचेरीत परत येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. एका वाक्यात तुला खोटं पाडता आलं असतं. गाव तुला हसून हसून मेला असता. त्याऐवजी त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. असा माणूस असतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, कथेतला असेल. तो आपल्या गल्लीच्या टोकाला राहतो रे. सकाळी स्वतः अंगण झाडतो.

अजून एक, पण हा माझा अंदाज आहे. दाव्यात जागेचा मौका पाहायला साहेब आपल्या विहिरीवर आले होते. मोटेवर बसून त्यांनी बैल हाकले, तुझ्या वाफ्यापर्यंतचा पाट अनवाणी चालून पाहिला. जाताना चंद्रभानला म्हणाले, ‘पाट तर बापाने दोघांसाठीच काढलेला दिसतो.’ निकाल त्यांच्या हातून लागला असता तर पाळी तुला मिळाली असती, असं मला वाटतं. तू ओरडून तो जज्ज घालवलास, आणि दुसऱ्या कोर्टाने विहीर धाकट्याची ठरवली. मग रागाने जंगलात जाऊन बसलास.

आई अमरावतीला बोलणार नाही. मला सांगितलं तेवढंच फार झालं म्हणते, साहेबांच्या तोंडासमोर शपथ मोडणार नाही. मी बोलले तर बहिणीचं कोण ऐकतं? उरलास तू. खोट्या अर्जाबद्दल तुझ्यावर खटला होऊ शकतो, हे मी लपवत नाही. भीती मलाही वाटते. चंद्रभान आज न विचारता म्हणाला, ‘त्याले काही झालं तं जामीन मी राहीन.’ तो एवढं बोलला म्हणजे त्याच्या मानाने पुष्कळ झालं.

ओवाळणी बाकी आहे.

गोदा


बोरगाव कसबा
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९२७

माझ्या वेड्या भावा,

आता भरभरून आशीर्वाद. सगळे घे.

तू आलास. दारातून आत शिरलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही, दाढीमुळे. आईने ओळखलं. तिने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. तू कोणाकडेही न बघता मोठ्या जज्जांपुढे जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, ‘साहेब, ते वांगे माहेच होते. मले मालूम नव्हतं. आमच्या रीतीनं माह्या मायनं नेले. शेषरावसाहेबाले मालूम होतं, त्याईनं मले झाकलं. आता मले काय करायचं ते करा.’ सगळी खोली खदखदा हसली. तुझी मान खाली होती. मला त्या क्षणी तुझा एवढा अभिमान वाटला की सांगता येत नाही.

आणि मग तू काय केलंस? मोठे जज्ज टेबलावर हात आपटून ‘खोटा अर्ज!’ म्हणाले मात्र, तू निघून गेलास. आई तुला हाका मारत मोटारीच्या अड्ड्यापर्यंत धावली. घरी नाही, मळ्यात नाही, सरळ पुन्हा धारणीला. म्हणून पुढचं तुला कळलंच नाही. तेच सांगायला हे पत्र.

मोठे जज्ज फार चिडले होते. म्हणाले, या माणसावर खटला भरा. शेषरावसाहेब उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता तरी सुटले म्हणून बसून राहतील. ते म्हणाले, ‘अर्ज पुन्हा वाचावा.’ कारकुनाने वाचला. तुझ्या वकिलाने जपून लिहिलं होतं, की बोरगावच्या जज्जांनी दाव्यातल्या पक्षकाराकडची भाजी खाल्ली. साहेब म्हणाले, ‘सूर्यभानही पक्षकारच होता. त्याच्याकडची भाजी मी खाल्ली. मग अर्जातला कोणता शब्द खोटा आहे?’

हसू थांबलं. मोठ्या जज्जांनी अर्ज स्वतःच्या हातात घेतला. म्हणाले, ‘शेषराव, म्हणजे दोष तुमच्यावर येतो, कळतंय ना?’

‘माझ्या घराचं परसदार मला राखता आलं नाही. दोष माझाच आहे,’ साहेब म्हणाले. ‘त्याचा शेरा मारावा.’

तर तुझ्यावर खटला नाही. कोणी पोलीस येणार नाही, रात्री दचकून उठू नकोस. लाच घेतली नाही असं मोठ्या जज्जांनी स्वच्छ लिहिलं. पण शेरा बसलाच, आणि साहेबांची अकोल्याला खालच्या जागेवर बदली झाली. बाहेर आल्यावर मी पाया पडायला गेले तर मागे सरले. म्हणाले, ‘गोदाबाई, पाया कशाला पडता? तुमच्या भावाला केवढं धैर्य लागलं असेल, त्याचं काहीतरी बोला.’

ते काल गेले. गाडी जुंपलेली होती आणि सगळा गाव रस्त्यावर होता. त्यांच्या जातीतली मंडळीही होती, जरा लांब, पण होती. महारवाड्यातून बायका आपल्या विहिरीचं पाणी घेऊन आल्या, नवी घागर, वर आंब्याचा डहाळा. साहेबांनी टोपी काढली, ओंजळ पुढे केली आणि पोटभर प्यायले. मग ती ओंजळ कौशल्याबाईंनी पुढे केली. कोणी जयजयकार केला नाही. सगळे नुसते उभे होते.

गाडी आपल्या मळ्यापाशी त्यांनी थांबवली. आता ते इथले जज्ज नव्हते, दावाही उरला नव्हता, म्हणून आईला वाटलं, आज तरी टोपली घेतील. पण सूर्यभान, टोपली रिकामी होती. का, ते तुला सांगितलंच नाही. यंदा मृगात आईने तुझ्या वाफ्यात वांगी लावली. जागा पडीक नको म्हणाली. पाणी कोणी दिलं? चंद्रभानने. रोज आपली मोट संपली की बैल सोडायच्या आधी तुझ्याकडचा पाट फोडायचा, आणि मी बघते आहे असं दिसलं की उगाच बैलांना शिव्या द्यायचा. वांगी केव्हाच धरली. पण घरात अजून कोणी वांगं खाल्लेलं नाही. धाकट्याच्या वाफ्यातलीही तशीच आहेत. थोरल्याचा पहिला तोडा झाल्याशिवाय कोणाचा तोडा नाही, असं आईचं म्हणणं आहे आणि तिच्यापुढे चंद्रभानचं काय चालतं?

आईने हे सगळं साहेबांना सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. म्हणाली, ‘तुमाले द्याले आज बी काही नाई जी.’

साहेब बांधावर उभे राहून तुझा वाफा बघत होते. मग मला म्हणाले, ‘सूर्यभानला लिहा. अकोल्याला माझं घर ताजनापेठेच्या पुढे आहे, कोणीही दाखवील. टोपली त्याने स्वतः घेऊन यावी, आणि पुढच्या दाराने यावी. मागच्या वर्षी वांगी चांगली होती, असं मी कचेरीत म्हटलं होतं. ते मी त्यालाच सांगत होतो. त्याला ते ऐकू गेलं नसावं.’

गाडी गेली. आई अजून रोज सकाळी तुझ्या वाफ्यात जाते, पानं बाजूला करून वांगी बघते आणि हात न लावता परत येते. ती जून होत चालली आहेत.

ये.

गोदा